नवा डॉक आला आणि उजवी स्क्रीन गेली

आमच्या सपोर्ट टीममधल्या एका सहकारी बाईंच्या टेबलावर तीन स्क्रीन आहेत. डावीकडे लॅपटॉप, मधे आणि उजवीकडे २५६० बाय १४४० चे दोन मॉनिटर. लिनक्सवर आयथ्री हा विंडो मॅनेजर, म्हणजे विंडो स्क्रीनवर मांडणारा प्रोग्राम, चालतो, माउसला हात क्वचितच लागतो. वर्कस्पेस म्हणजे विंडोंचे क्रमांक दिलेले गट: १ ते ३ मधल्या स्क्रीनवर, ४ ते ६ उजव्या, ९ आणि १० लॅपटॉपवर. जुना डॉक, म्हणजे एका केबलने लॅपटॉपला मॉनिटर आणि बाकी उपकरणं जोडणारा डबा, बिघडला म्हणून नवा यूएसबी-सी डॉक लावला, आणि तासाभरात निरोप आला: उजवा मॉनिटर काळा, बाकीच्या विंडो भलत्याच जागी.

दोन वेगळे दोष एकाच वेळी आले होते. असं झालं की माणूस कॉन्फिग फाइल उघडून बसतो, आणि अर्धं दुखणं तिथे नसतंच.

काळ्या स्क्रीनशी आयथ्रीचा संबंध नसतो. आयथ्री मॉनिटर चालू करत नाही. एक्स सर्व्हरने (लिनक्सवर चित्र स्क्रीनपर्यंत नेणारा प्रोग्राम) जे चालू केलं तेवढ्यावर विंडो मांडतो. म्हणून आधी एक्सरँडआर, म्हणजे स्क्रीन बघायची आणि लावायची कमांड. त्यात दोन्ही मॉनिटर ‘कनेक्टेड’ दिसत होते, पण उजवा चालू करायला गेलं की ‘कॉन्फिगर सीआरटीसी २ फेल्ड’ (स्क्रीनला चित्र पुरवणारा ग्राफिक्सचा भाग लावता आला नाही) एवढाच संदेश. मधला बंद केला तर उजवा लगेच लागला. उजवा बंद केला तर मधला ठीक. म्हणजे केबल चांगल्या, मॉनिटर चांगले. दोघांना मिळून केबलमधली डेटाची जागा पुरत नव्हती.

हिशोब कागदावर बसतो. डिस्प्लेपोर्ट १.२ या चित्र नेणाऱ्या जोडणीची एक लेन (डेटाची वाट) सेकंदाला ५.४ गिगाबिट, त्यातले २० टक्के एन्कोडिंगमध्ये जातात, उरतात ४.३२. नव्या डॉकमध्ये वेगवान यूएसबी ३ आहे, त्यामुळे यूएसबी-सी केबलमधल्या चारपैकी दोनच लेन चित्राला मिळतात: ८.६४ गिगाबिट. १४४० चा मॉनिटर ६० हर्ट्झवर २४१.५ मेगाहर्ट्झ पिक्सेल क्लॉक घेतो, म्हणजे सेकंदाला तितके दशलक्ष ठिपके. त्याला प्रत्येक ठिपक्याच्या २४ बिटांनी गुणलं की ५.८. दोघांचे ११.६. जुन्या डॉकचं यूएसबी २ पुरतंच होतं, म्हणून चारही लेन, म्हणजे १७.२८ गिगाबिट चित्राकडे होते आणि कधी अडलं नाही. ‘नवीन म्हणजे जास्त चांगलं’ हे डॉकच्या बाबतीत डबा उघडण्याआधीच तपासावं.

उजवा ३० हर्ट्झवर आणला तरी बेरीज ८.७ च्या आसपास येते, शिवाय एकाच केबलवर अनेक स्क्रीन नेणारी एमएसटी पद्धत ६४ पैकी १ भाग स्वतःकडे ठेवते. थोडक्यात हुकतं. १९२० बाय १०८० ला उतरवलं तरी ९ च्या वर. म्हणून उजवा मॉनिटर डॉकवरून काढून थेट लॅपटॉपच्या एचडीएमआय पोर्टला जोडला. एचडीएमआय १.४ ची मर्यादा ३४० मेगाहर्ट्झ, २४१.५ आरामात बसतात.

आता चित्र आलं, पण लॅपटॉपचंच. एक्सरँडआरला फक्त ‘ऑटो’ सांगितलं, जागा सांगितली नाही, तर नवी स्क्रीन शून्य-शून्यवर, म्हणजे लॅपटॉपच्याच जागेवर येऊन बसते. एकाच जागी असलेल्या दोन स्क्रीन आयथ्री एकच धरतो. एक्सरँडआर तीन सांगतो आणि आयथ्री दोनच, असं दिसलं तर कारण बहुधा हेच. ‘राइट-ऑफ’ देऊन जागा नेमून दिली की तिसरी मोकळी होते.

राहिला नावांचा घोळ. कॉन्फिगमध्ये वर्कस्पेस डीपी-१-१ आणि डीपी-१-२ या डिस्प्लेपोर्टच्या नावांना बांधलेले होते. एमएसटीच्या नावात डॉकमधल्या पोर्टचा क्रमांक येतो. डॉक बदलला, क्रमांक बदलला. बांधलेलं नाव सापडलं नाही तर आयथ्री तक्रार करत नाही, वर्कस्पेस ज्या स्क्रीनवर फोकस आहे तिथे उघडतो. विंडो हरवत नाहीत, गर्दी होते. उपाय म्हणजे एका वर्कस्पेसपुढे पर्यायी नावांची रांग द्यायची: आधी नवं डीपी, मग एचडीएमआय-१, शेवटी ईडीपी-१, म्हणजे लॅपटॉपची स्वतःची स्क्रीन. रांगेतलं जे पहिलं हजर असेल ते वापरलं जातं. आधीच उघडे असलेले वर्कस्पेस ‘मूव्ह वर्कस्पेस टू आउटपुट राइट’ला दिलेल्या कीने एकेक सरकवले.

मांडणी ऑटोरँडआर या स्क्रीनची मांडणी लक्षात ठेवणाऱ्या प्रोग्राममध्ये ‘ऑफिस’ नावाने जतन केली. तो मॉनिटरची ओळख ईडीआयडीवरून (मॉनिटर स्वतःबद्दल पाठवतो ती माहिती) पटवतो, पण नावही जुळवून पाहतो. ‘मॅच-ईडीआयडी’ दिलं की पोर्टचं नाव बदललं तरी प्रोफाइल लागतं.

बाईंची एक जुनी तक्रार याच वेळी निघाली: मॉड (आयथ्रीच्या शॉर्टकटची मुख्य की) आणि ५ दाबलं की वर्कस्पेस समोर येण्याऐवजी फोकसच उजवीकडे उडी मारतो. हा दोष नाही. आयथ्रीत वर्कस्पेस आपल्या स्क्रीनचा असतो. दुसरीकडे दिसत असेल तर तुम्हीच तिकडे जाता. एक्समोनॅड या दुसऱ्या विंडो मॅनेजरमध्ये मूळ सेटिंग उलटं आहे, वर्कस्पेस तुमच्याकडे येतो आणि दोन स्क्रीनची अदलाबदल होते. तीन स्क्रीनवर मला आयथ्रीची रीत पटते, कारण लॉग (प्रोग्रामच्या नोंदी) कोणत्या स्क्रीनवर आहेत ते मानेला ठाऊक असतं. त्यांना मात्र ५ क्रमांक मधे ओढून आणणारी वेगळी की हवी होती. ‘वर्कस्पेस ५’ आणि त्यापुढे स्वल्पविराम देऊन ‘मूव्ह वर्कस्पेस टू आउटपुट लेफ्ट’, अशी एकच ओळ मॉड, शिफ्ट आणि एफ५ ला बांधून दिली.