नडियादचा निकाल आणि अवमानाचा अधिकार

मनाई हुकूम मोडला गेला की बडोद्यातले माझे पक्षकार लगेच न्यायालयाच्या अवमानाची गोष्ट काढतात. अशा वेळी दिवाणी न्यायालय दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 39, नियम 2-अ खाली मालमत्ता जप्त करू शकते किंवा 3 महिन्यांपर्यंत दिवाणी कैद देऊ शकते; 1971 च्या अवमान कायद्याखालील शिक्षा मात्र त्याच्या हाती नाही, तिच्यासाठी अहमदाबादला उच्च न्यायालयातच जावे लागते.

या अधिकाराचे मूळ संविधानात आहे. अनुच्छेद 129 ने सर्वोच्च आणि 215 ने प्रत्येक उच्च न्यायालय अभिलेख न्यायालय, म्हणजे ज्याच्या नोंदी कायम पुरावा म्हणून मानल्या जातात असे न्यायालय, ठरते, आणि स्वतःच्या अवमानाबद्दल शिक्षा देण्याचा अधिकार त्यातच येतो. कायद्याने शिक्षेची कमाल मर्यादा 6 महिने साधी कैद आणि 2,000 रुपये दंड अशी ठेवली आहे.

हा अधिकार कोणासाठी आहे, हे मला गुजरातमधल्या नडियादच्या प्रकरणाने समजले. सप्टेंबर 1989 मध्ये तिथल्या मुख्य न्यायदंडाधिकाऱ्यांना पोलिसांनी मारहाण केली, बळजबरीने दारू पाजली आणि बेड्या घालून, दोरीने बांधून रुग्णालयात नेले. समन्स आणि वॉरंट वेळेवर न बजावण्यावरून त्यांचे पोलिसांशी आधीपासून खटके उडत होते. कायद्याच्या कलम 10 मध्ये कनिष्ठ न्यायालयांच्या अवमानाबाबत उच्च न्यायालयाचाच उल्लेख असल्याने सर्वोच्च न्यायालयाला हात घालता येणार नाही, असा आक्षेप घेतला गेला. 1991 च्या निकालात तो फेटाळला गेला: देशातील प्रत्येक कनिष्ठ न्यायालयाचे रक्षण करणे हे अभिलेख न्यायालयाच्या अधिकारातच येते, असे ठरले आणि पोलीस निरीक्षकाला 6 महिन्यांची कैद झाली.

बचावाचे कसलेही साधन नसलेल्या न्यायाधीशासाठी वापरला जातो तेव्हाच हा अधिकार मला पूर्णपणे पटतो. निकालावरच्या टीकेसाठी तो उपसला जाऊ नये. न्याय्य टीका कलम 5 नुसार अवमान ठरत नाही, आणि 2006 च्या दुरुस्तीनंतर लोकहितार्थ व सद्‌हेतूने मांडलेले सत्य बचाव म्हणून घेता येते, ही दुरुस्ती फार आधी व्हायला हवी होती.

पक्षकारांना मी एवढे आवर्जून सांगतो की कलम 20 प्रमाणे अवमान घडल्यापासून 1 वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो, आणि फौजदारी अवमानासाठी (म्हणजे हुकूम मोडणे नव्हे, तर न्यायालयाची बदनामी किंवा न्यायदानात अडथळा) खासगी व्यक्तीला आधी महाधिवक्त्यांची, म्हणजे राज्याच्या सर्वोच्च विधी अधिकाऱ्यांची, लेखी संमती घ्यावी लागते.