मार्च एंड आणि सोसायटीचं नवं-जुनं

फेब्रुवारी संपत आला की आमच्याकडे सोयाबीन पट्ट्यात हॉटेलवर, पारावर, एसटी स्टँडवर एकच विषय असतो, सोसायटी भरली का, आणि त्याला उत्तर बहुतेक वेळा "भरायची कशाची, नवं-जुनं करायचंय" असंच येतं. पुण्यात ऑफिसात हे बोललो तर समोरच्याला वाटतं काहीतरी जुन्या वस्तू बदलायचा प्रकार असेल. खरं तर नवं-जुनं म्हणजे सोसायटीचं जुनं पीककर्ज कागदावर भरायचं आणि लगेच नवीन उचलायचं. त्यामुळे एकदा सविस्तर लिहूनच टाकतो.

पीककर्ज हे एका हंगामापुरतं कर्ज. गावातली विविध कार्यकारी सोसायटी ते देते, सोसायटीला पैसा जिल्हा बँक देते, जिल्हा बँकेच्या वर राज्य सहकारी बँक, जिला सगळे शिखर बँक म्हणतात. खरिपाचं कर्ज साधारण ३१ मार्चच्या आत भरायचं. वेळेत भरलं तर तीन लाखापर्यंतच्या कर्जाला व्याज शून्य पडतं, कारण केंद्राची ३ टक्के सवलत मिळते आणि उरलेलं राज्य सरकार पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेतून उचलतं (२०२१ च्या आधी शून्य टक्के फक्त एका लाखापर्यंतच होतं). काही ठिकाणी व्याज आधी भरून घेतात आणि परतावा मागून येतो, कधी येतो ते विचारू नका. तारीख चुकली की सगळी सवलत गेली, नाव थकबाकीत, आणि पुढच्या पेरणीला नवीन कर्ज बंद.

आता अडचण अशी की मार्चमध्ये शेतकऱ्याकडे पैसा असतोच असं नाही. सोयाबीन ऑक्टोबरात निघतं, तेव्हा सगळ्यांचंच निघतं म्हणून भाव पडलेला असतो, मग ज्याला जमतं तो पोती घरात ठेवतो. २०२४-२५ ला हमीभाव ४,८९२ रुपये होता आणि मोंढ्यात, म्हणजे बाजार समितीत, चार हजाराच्या आसपास, म्हणजे क्विंटलमागं आठ-नऊशेचा खड्डा, अशा वेळी माणूस थांबतो की भाव वाढेल. भाव काही वाढत नाही पण ३१ मार्च मात्र येतो.

मग नवं-जुनं. जुनं कर्ज एका दिवशी कागदावर पूर्ण भरायचं आणि काही दिवसांनी त्याच सातबाऱ्यावर नवीन उचलायचं. मधल्या दिवसांपुरता पैसा कुठून तरी उभा करायचा, हातउसना, मेव्हण्याकडून, आडत दुकानदाराकडून, आणि कुठूनच नाही मिळाला तर शेकड्यानं. शेकडा तीन म्हणजे शंभराला महिन्याला तीन रुपये, वर्षाचे छत्तीस टक्के झाले ते, पण गावात कोणी वर्षाचा हिशोब करतच नाही कारण सगळ्यांना वाटतं पंधरा दिवसांचाच तर प्रश्न आहे.

आकडे मांडतो म्हणजे कळेल. समजा तात्यांचं कर्ज १,२०,००० आहे. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात त्यांनी शेकडा तीननं १,२०,००० आणले आणि सोसायटी भरली. महिन्याभरानं नवीन कर्ज मंजूर झालं, यावर्षी एकरी कर्जाची रक्कम थोडी वाढवून मिळाली म्हणून १,३५,०००. त्यातून खाजगीवाल्याचे १,२०,००० आणि वर ३,६०० व्याज परत दिलं. तात्यांच्या हातात उरले ११,४००. बँकेच्या कागदावर तात्यांना खरिपासाठी एक लाख पस्तीस हजार पीककर्ज वाटप झालेलं आहे, आणि प्रत्यक्षात बी-बियाणं, खत, नांगरट सगळं त्या अकरा हजार चारशेत बसवायचंय. डीएपी खताची एक बॅग १,३५० ला आहे, बाकीचं तुम्हीच करा. खरीप पीककर्ज वाटपाचे उद्दिष्ट अमुक टक्के पूर्ण अशी बातमी दरवर्षी वाचतो तेव्हा मला त्या टक्क्यांत असे किती तात्या असतील हाच प्रश्न पडतो.

तरी पण तात्यांनी केलं ते चुकीचं नाही. न करता थकले असते तर १,२०,००० वर सात टक्क्यांनं वर्षाचं व्याजच ८,४०० झालं असतं, शिवाय पुढचं कर्ज नाही. ३,६०० मध्ये सुटले. गोची होते ती नवीन कर्ज लांबलं की. महिन्याचे दोन झाले, सोसायटीचा सचिव म्हणतो बँकेकडून मंजुरी आली नाही, बँक म्हणते सोसायटीनं कमाल मर्यादा पत्रक (कोणाला किती कर्ज द्यायचं त्याचा तक्ता) उशिरा पाठवलं, आणि इकडे शेकडा चालूच. मे संपून जून लागला की फायदा-तोटा बरोबरीत येतो आणि त्याच्याही पुढं गेलं की मग उलटंच.

सोसायटीच्या ऑफिसात मार्चच्या शेवटच्या दोन-तीन दिवसांत एकदा जाऊन बसा. एका खोलीत टेबल, लोखंडी कपाट, भिंतीवर थकबाकीदारांची यादी, गटसचिवाकडे तीन-तीन गावांचा चार्ज त्यामुळे तो एका हातानं फोन धरून दुसऱ्या हातानं पावत्या फाडतोय. बाहेर बाकड्यावर पैसेवाला स्वतः येऊन बसलेला असतो, पैसे कुठं दुसरीकडे जाऊ नयेत म्हणून. एकच रक्कम दिवसभरात दोघा-तिघांच्या नावावर फिरलेली पण लोक सांगतात, म्हणजे ज्याचं नवीन लगेच सुटलं त्याचेच पैसे दुसऱ्याच्या खात्यावर भरायचे. चेअरमन, सचिव, बँकेचा इन्स्पेक्टर सगळ्यांना माहीत असतं. सोसायटीची वसुली चांगली दिसते, बँकेचा एनपीए, म्हणजे थकलेलं कर्ज, कमी दिसतो, शेतकरी नियमितात राहतो, त्यामुळे तक्रार करायला कोणीच नाही. मुद्दल मात्र दरवर्षी वाढतच जातं आणि सातबाऱ्यावर इतर अधिकारात सोसायटीचा बोजा, म्हणजे कर्जाची नोंद, कायमची वस्तीला.

राष्ट्रीयीकृत बँकेत यालाच रिन्युअल म्हणतात. किसान क्रेडिट कार्ड १९९८ ला आलं, मर्यादा पाच वर्षांची देतात, पण सवलत पाहिजे तर वर्षातून एकदा सगळं भरून परत उचलायचं, म्हणजे फिरून तेच. पुनर्गठन ही वेगळी भानगड आहे, त्यात लोक गल्लत करतात. दुष्काळ पडला, पैसेवारी (पीक किती आलं त्याचा सरकारी अंदाज) पन्नासच्या आत आली की सरकार सांगतं म्हणून बँक पीककर्जाचे हप्ते पाडून देते. तिथं भरायला पैसा आणावा लागत नाही, पण ती जुनी रक्कम अंगावर राहते ती राहतेच.

खरा भडका उडतो कर्जमाफीवरून. २०१७ ला दीड लाखापर्यंत माफ झालं, २०१९ च्या डिसेंबरात जाहीर झालेल्या महात्मा फुले योजनेत दोन लाखापर्यंत, दोन्ही वेळा मुख्य फायदा थकलेल्याला. ज्यानं व्याजानं पैसे आणून नवं-जुनं केलं तो नियमित, त्याला प्रोत्साहन म्हणून २०१७ च्या योजनेत पंचवीस हजारापर्यंत आणि नंतर पन्नास हजारापर्यंत. आमच्या भावकीत तेव्हापासून दोन पार्ट्या आहेत. एक म्हणते भरणारा येडा, दुसरी म्हणते थकला तर पुढची पेरणी तुझा बाप करून देणार का. २०२४ च्या निवडणुकीत माफीचं आश्वासन मिळाल्यावर बऱ्याच जणांनी भरायचं थांबवलं, आणि मार्च २०२५ च्या अगदी शेवटी तेव्हाचे अर्थमंत्री अजित पवारांनी ३१ तारखेच्या आत पैसे भरा म्हणून सांगितलं. दोन-तीन दिवसात लाख-दीड लाख कुठून आणायचे. त्या आठवड्यात आमच्या भागात शेकड्याचा दर वाढलेला, हे वेगळं सांगायला नको.

हा शब्द आता सोसायटीपुरता राहिलेला नाही. पतसंस्थेत गहाण सोन्याची मुदत संपली की व्याज भरून नवं-जुनं, कृषी केंद्राच्या उधारीचं नवं-जुनं. ऊसतोडीत मुकादम मागच्या हंगामाची बाकी नव्या उचलीत, म्हणजे आगाऊ दिलेल्या पैशात, धरतो ते पण हेच, फक्त तिथं फेड अंगमेहनतीनं असते म्हणून जास्त वाईट. लग्न झालेल्या मित्राला "काय, भांडण मिटलं का" विचारलं तर "नवं-जुनं केलंय" म्हणाला होता.

आता यावर्षी करणारच असाल तर दोन गोष्टी. पैसे आणायच्या आधी सचिवाला स्पष्ट विचारा की तुमचं नाव नवीन मंजुरीच्या यादीत आहे का, कोणत्या मीटिंगला ठराव जाणार, नुसतं "होऊन जाईल दादा" वर शेकड्याचे पैसे आणू नका. आणि पावतीवर ३१ मार्च लिहिलंय म्हणून निवांत राहू नका. सोसायटीत ३१ ला दिलेले पैसे बँकेत जमा व्हायला एप्रिल उजाडला तर सवलतीच्या यादीत नाव येत नाही आणि मग हेलपाटे तुम्हालाच, म्हणून बँकेच्या खातेउताऱ्यावरची तारीख बघा आणि त्याचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा.