‘कॅप्टन, मुलाखतीत नेमकं काय विचारतात?’

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो. बारामती, गोंदिया, शिरपूर इथून सीपीएल, म्हणजे व्यावसायिक वैमानिकाचा परवाना, घेऊन आलेली मुलं-मुली हा प्रश्न विचारतात आणि त्यांच्याहून जास्त त्यांचे आईवडील विचारतात. लग्नात जेवणाच्या पंगतीला शेजारी बसून विचारतात. ‘दोनशे तास झालेत, सगळे पेपर निघालेत, आता एटीआरवाल्या कंपनीकडून कॉल आलाय. काय वाचायला सांगू त्याला?’ मी स्वतः एटीआर, म्हणजे दोन पंख्यांचं छोटं टर्बोप्रॉप प्रवासी विमान, उडवतो आणि अलीकडे कधीमधी मुलाखतीच्या पॅनलवर पलीकडच्या खुर्चीतही बसतो. फोनवर तुकड्या-तुकड्यांनी सांगण्यापेक्षा एकदा सविस्तर सांगून टाकतो.

वाचायचं ते बहुतेक तुमचं वाचून झालेलंच असतं. नेव्हिगेशन, मेट म्हणजे हवामान, रेग्युलेशन्स, टेक्निकल हे सगळं डीजीसीएच्या, म्हणजे विमान वाहतूक नियामकाच्या पेपरांसाठी तुम्ही घोटलेलं आहे. पॅनलवरचा कॅप्टन मात्र मनातल्या मनात वेगळाच हिशेब करत असतो. जुलै महिना, दिवसाचे पाच-सहा सेक्टर म्हणजे उड्डाणं, जळगाव-नांदेड-सिंधुदुर्गसारखी छोटी विमानतळं, हवा धड नाही आणि माझ्या उजव्या हाताला हा उमेदवार बसलाय. याची मला मदत होईल, की विमानाबरोबर यालाही सांभाळावं लागेल? टेक्निकल असो, सिम म्हणजे सिम्युलेटर असो की एचआर, सगळीकडे हेच जोखलं जातं. म्हणून तयारीचा मोठा भाग वाचण्याचा नसून मोठ्यानं बोलत विचार करण्याचा आहे, असं माझं मत झालंय. बंद खोलीत मनातल्या मनात उत्तरं देणाऱ्या हुशार मुलांची मुलाखतीत दातखीळ बसलेली मी पाहिली आहे.

टप्पे साधारण सगळीकडे सारखेच. आधी लेखी परीक्षा, मग कॉम्प्युटरवरची अ‍ॅप्टिट्यूड चाचणी, कुठे ग्रुप टास्क, मग टेक्निकल मुलाखत, सिम आणि एचआर. क्रम कंपनीगणिक बदलतो. ग्रुप टास्कबद्दल एवढंच सांगतो, की सगळ्यात जास्त बोलणाराच निवडला जातो हा गैरसमज आहे. गप्प बसलेल्या माणसाला ‘तुला काय वाटतं?’ असं विचारणारा लगेच लक्षात येतो.

आता टेक्निकल. समोर एक मेटार ठेवतात, म्हणजे विमानतळाचा ताजा हवामान अहवाल. समजा वारा ३१० अंशांवरून २० नॉट, दृश्यमानता ३००० मीटर, पाऊस, ढगांचा तळ ९०० फुटांवर. रनवे २७, म्हणजे २७० अंशांच्या दिशेचा. ‘बोला.’

बरीच मुलं मेटार घडाघडा वाचून दाखवतात, एकेक आकडा बरोबर उलगडतात आणि थांबतात. वाचता तर आम्हालाही येतं! बोलायचं ते त्याच्या पुढचं. वारा रनवेच्या उजवीकडून ४० अंशांवर आहे. घड्याळाचा ठोकताळा लावला तर ४० मिनिटं म्हणजे तासाचे दोन तृतीयांश, म्हणून क्रॉसविंड, म्हणजे आडवा वारा, २० च्या दोन तृतीयांश, साधारण १३ नॉट. रनवे ओला, तेव्हा लँडिंग डिस्टन्स पुन्हा बघायला हवं. इथे आयएलएस, म्हणजे रनवेपर्यंत रेडिओनं वाट दाखवणारी यंत्रणा, आहे का? नसेल तर जो अप्रोच आहे त्याचा मिनिमा, म्हणजे रनवे न दिसता खाली येण्याची मर्यादा, किती आणि ढग त्याच्या वर राहतात की खाली? पावसाची सर आली तर ३००० मीटरचे १५०० व्हायला पाच मिनिटं पुरतात. मग होल्डिंगला, म्हणजे हवेत घिरट्या घालत थांबायला, इंधन किती आणि ऑल्टरनेट, म्हणजे पर्यायी विमानतळ, कुठला? इथवर येऊन जो म्हणतो, ‘सर, ऑल्टरनेटचा मेटार मिळेल का?’ त्याच्या कागदावर मी तिथेच खूण करतो. तो परीक्षा देत नसतो, विमान उडवत असतो.

याच धाटणीचा दुसरा आवडता प्रश्न लक्षद्वीपचा. अगत्तीचा रनवे जेमतेम १२०० मीटरचा, चहूबाजूंनी समुद्र. ‘निघताना काय विचार कराल?’ इथे पाठ केलेलं उत्तर चालत नाही. परतीचं किंवा ऑल्टरनेटचं इंधन जास्त घ्यावं, तर वजन वाढतं. वजन वाढलं, की आखूड रनवेवर उतरणं आणि तिथून पुन्हा उडणं अवघड होतं. म्हणजे मग प्रवासी किंवा सामान कमी करावं लागतं. ही ओढाताण तुमच्या तोंडून आली पाहिजे. प्रादेशिक विमानसेवेचा निम्मा धंदा याच ओढाताणीवर चालतो. ‘उडान’ योजनेतलं पहिलं विमान २७ एप्रिल २०१७ला शिमल्याहून दिल्लीला उडालं, हे सगळ्यांना पाठ असतं. पण शिमल्याच्या डोंगरावरच्या त्या आखूड रनवेवरून विमान भरून का उडत नाही, हे विचारलं की शांतता पसरते. उंची, तापमान आणि वजन यांचं गणित सेसनाच्या, म्हणजे तुम्ही शिकलात त्या छोट्या विमानाच्या, पुस्तकातही आहेच की. तेच इथे लावायचं.

तोंडी गणितं येतातच. १६,००० फुटांवरून ३,००० फुटांवर यायचंय, उतरायला कधी सुरुवात कराल? उतरायचे १३ हजार फूट, हजारामागे ३ मैल. १३ गुणिले ३, म्हणजे ३९ नॉटिकल मैल आधी. ग्राउंडस्पीड २४० असेल तर उतरण्याच्या वेगासाठी त्याला पाचनं गुणा, मिनिटाला साधारण १२०० फूट. हे पाढ्यांसारखं यायला हवं. त्यानंतर स्वतःहून ‘टेलविंड असेल तर थोडं आधी सुरू करेन’ एवढं जोडा.

ज्या कंपनीत जाताय तिच्या विमानाची तोंडओळख करूनच जा. टाइप रेटिंग, म्हणजे त्या विमानाचं खास प्रशिक्षण, झालेलं नसताना सगळ्या सिस्टिम्स यायला हव्यात, असं कुणी म्हणत नाही. पण एटीआरची मुलाखत द्यायला येऊन एअरबसच्या गप्पा मारणारा उमेदवार बघितला, की चहा कडू लागतो. एटीआर ७२-६००ला एपीयू, म्हणजे शेपटीतलं छोटं इंजिन नसतं. मग जमिनीवर उभ्या विमानात वीज आणि एसी कुठून येतो? उजव्या इंजिनाच्या प्रोपेलरला ब्रेक लावून पंखा थांबवतात आणि इंजिन चालूच ठेवतात. याला हॉटेल मोड म्हणतात. पुढचा प्रश्न लगेच येतो, ‘उजवंच का?’ प्रवाशांचं दार डावीकडे मागच्या बाजूला आहे, सामानाचं दार डावीकडेच पुढच्या बाजूला आहे. माणसांची सगळी ये-जा डावीकडून होते, म्हणून चालू इंजिन उजवीकडचं. कधी एटीआरनं प्रवास केला असेल तर पंखा थांबलेला आणि आवाज मात्र चालू, हे तुम्ही पाहिलंही असेल. जो उमेदवार ‘असं का?’ म्हणून तेव्हाच कुणाला तरी विचारतो, तो मला आवडतो.

तसंच टेकऑफला एक इंजिन बंद पडलं तर काय होतं? एटीपीसीएस नावाची यंत्रणा बंद इंजिनाचा पंखा आपोआप फेदर करते, म्हणजे पाती येणाऱ्या हवेला कड करून उभी राहतात आणि दुसऱ्या इंजिनाचा टॉर्क, म्हणजे जोर, नेहमीच्या ९० टक्क्यांवरून १०० टक्क्यांवर जातो. फेदर का करायचं? कारण नुसता गरगरणारा पंखा एका बाजूला भिंतीसारखा आडवा येतो आणि विमान त्या बाजूला ओढलं जातं. एका ‘का’ला उत्तर दिलंत की दुसरा ‘का’ येईल, मग तिसरा. कुठेतरी तुमचं ज्ञान संपेल. ते संपावं म्हणूनच विचारत असतात. तिथे ‘मला माहीत नाही सर, पण माझ्या अंदाजानं असं असेल’ म्हणणं आणि दडपून काहीतरी ठोकून देणं, यांत निवडीचा फरक आहे. कॉकपिटमध्ये थाप मारणारा माणूस कुणालाच नको असतो.

सगळ्यात जास्त वेळ मी अपघातांच्या अहवालांना द्यायला सांगेन. ४ फेब्रुवारी २०१५, तैपेई. ट्रान्सएशियाचं एटीआर टेकऑफनंतर लगेच उजव्या इंजिनाच्या बिघाडात सापडलं. कॅप्टननं डाव्या, चांगल्या चालणाऱ्या इंजिनाचा लिव्हर मागे ओढला आणि ते बंद केलं. ४३ माणसं गेली. १५ जानेवारी २०२३, पोखरा. यती एअरलाइन्सचं एटीआर उतरण्याच्या तयारीत असताना पंखांवरच्या फ्लॅपच्या लिव्हरऐवजी, पंखे फेदर करणारे दोन्ही कंडिशन लिव्हर हलवले गेले असावेत, असा चौकशीचा निष्कर्ष आहे. दोन्ही पंखे फेदर झाले, ७२ जणांचा मृत्यू झाला. हे तुम्ही सांगितलंत की मी विचारतो, ‘तुम्ही उजवीकडे बसलाय, कॅप्टन चुकीच्या इंजिनाला हात घालतोय. तुमच्या तोंडून नेमके कुठले शब्द निघतील?’

इथे आपली मराठी घरातली मुलं अडतात. मोठ्यांना उलट बोलू नये, हे आपल्या अंगात इतकं मुरलेलं असतं की ‘सर, मला वाटतं की कदाचित आपण एकदा...’ असं सुरू होतं. तेवढ्यात विमान खाली गेलेलं असतं. मला ऐकायचं असतं ते असं (डावं इंजिन नंबर वन, उजवं नंबर टू): ‘कॅप्टन, थांबा. नंबर टू गेलंय. नंबर वन चालू आहे.’ कॉकपिटमध्ये हे इंग्रजीतच बोलाल, पण वाक्य एवढंच लहान हवं. २२ मे २०१०ला मंगळूरला को-पायलटनं एकदा नाही, तीनदा गो-अराउंड करायला, म्हणजे न उतरता पुन्हा वर जायला, सुचवलं होतं, असं चौकशी अहवालात आहे. तरी विमान उतरवलं गेलं आणि १५८ माणसं गेली. म्हणून पुढचा प्रश्न, ‘सांगून ऐकलं नाही तर?’ कंपनीच्या एसओपीत, म्हणजे ठरलेल्या कार्यपद्धतीत, कंट्रोल कधी घ्यायचा याची पायरी असते. ती असते हे माहीत असणं आणि ती चढायची तयारी असणं, दोन्ही दिसायला हवं. ‘कॅप्टन, आय हॅव कंट्रोल’ हे शब्द आरशासमोर मोठ्यानं म्हणून बघा. पहिल्यांदा जीभ अडखळते.

इंग्रजीची भीती बऱ्याच जणांच्या मनात असते, विशेषतः मराठी माध्यमातून आलेल्यांच्या. उच्चार सांगलीचा आहे की बांद्र्याचा, याच्याशी पॅनलला घेणंदेणं नसतं. रेडिओवर समोरच्याला एका फटक्यात कळलं पाहिजे, एवढंच. भरभर बोलून इंग्रजी चांगलं वाटतं हा भ्रम आहे, हळू बोला. सरावासाठी मी एक उपाय सांगतो. स्टॉल का होतो, म्हणजे विमानाचे पंख उचलणं का सोडतात, हे आधी घरी आईला मराठीत समजावा. तिनं दोन प्रश्न विचारले आणि तुम्ही अडकलात, तर अडचण इंग्रजीची नाही. मग तेच इंग्रजीत मोबाइलवर रेकॉर्ड करा आणि ऐका. स्वतःचा आवाज ऐकवत नाही, तरी ऐका.

टेलिग्रामवर कंपनीवार प्रश्नांचे संच फिरतात, काही जण ते पैसे घेऊन विकतातही. चाळायला हरकत नाही. पण त्यातली उत्तरं पाठ करून येणारा पहिल्या मिनिटात ओळखू येतो, कारण पाचही उमेदवार तेच वाक्य त्याच चुकीसकट म्हणतात.

सिममध्ये लोण्यासारखं उडवावं अशी अपेक्षा नसते. सेसनावरून थेट तिथे बसवल्यावर उंची शंभर-दोनशे फूट सुटणारच. बघतात ते हे, की चूक तुमच्या लक्षात आली का, ती तुम्ही बोललात का, आणि तपासणाऱ्यानं एक सूचना दिल्यावर पुढच्या टर्नमध्ये ती दिसली का. जाण्याआधी कुठल्या तरी साध्या सिमवर रॉ डेटाचा, म्हणजे ऑटोपायलटशिवाय फक्त मूळ यंत्रं बघून उडवण्याचा, सराव करा, म्हणजे डोळे एका यंत्रावर चिकटून राहात नाहीत.

एचआरमध्ये एक प्रश्न हमखास येतो: ‘आमच्याकडे टर्बोप्रॉपवर शिकाल आणि मग जेटला पळाल ना?’ जन्मभर एटीआरच उडवणार, अशी शपथ घेऊ नका, कुणाचाच विश्वास बसत नाही. दिवसाला अनेक टेकऑफ-लँडिंग, हातानं उडवण्याची संधी, छोटी विमानतळं, यांतून काय शिकायला मिळणार ते सांगा आणि बाँडची, म्हणजे ठरावीक काळ नोकरी न सोडण्याच्या कराराची, मुदत पाळणार हे सांगा. हो, बाँड. टाइप रेटिंगचा खर्च कोण करणार, मध्येच सोडलं तर किती भरावं लागेल, हे सही करण्याआधी घरी नेऊन वाचा. विचारायला लाज वाटायचं कारण नाही, आकडे लाखांत असतात आणि ते बाबांच्या डोक्यावर येतात.

लॉगबुक उघडतातच. बेरजा आधी स्वतः तपासा. ३०० नॉटिकल मैलांची सोलो क्रॉस-कंट्री कुठून कुठे केलीत, त्या दिवशी हवा कशी होती, कुठे उतरलात, हे आठवून ठेवा. तुम्ही केलेल्याबद्दल विचारलं जातंय आणि तुम्हालाच आठवत नाही, याचा अर्थ पॅनल एकच काढतं. मध्ये वर्ष-दोन वर्षांचा खंड असेल तर सरळ सांगा. कर्ज होतं, वडील आजारी होते, भरती बंद होती, जे असेल ते.

नियमांतले ताजे बदलही बघून जा. १९३४चा एअरक्राफ्ट कायदा गेला, त्याच्या जागी भारतीय वायुयान अधिनियम १ जानेवारी २०२५पासून लागू झाला आणि आरटीआरचा, म्हणजे वैमानिकाच्या रेडिओ परवान्याचा, कारभार दूरसंचार खात्याकडून डीजीसीएकडे आला. जुन्या नोट्सवर अभ्यास करणारे इथे सापडतात.

कॉल आला की हातात दिवस थोडे असतात. क्लास वन मेडिकल वर्षभराचं, इन्स्ट्रुमेंट रेटिंग, म्हणजे फक्त यंत्रं बघून उडवण्याची पात्रता, तीही वर्षभराची. त्यांच्या तारखा कॉल यायच्या आधीच बघून ठेवा, नाहीतर ऐन वेळी मेडिकलच्या अपॉइंटमेंटसाठी धावाधाव होते. मूळ कागद एका फाइलमध्ये, झेरॉक्सचे दोन संच दुसऱ्या फाइलमध्ये. आणि बारावीची मार्कशीट घ्या. लायसन्स, लॉगबुक सगळं आणतात आणि दर वेळी कुणीतरी नेमकी तीच घरी विसरतं.