दाढ काढण्याआधी हाडाचं विचारा

परदेशात आल्यापासून मला दुखणं अंगावर काढायची सवय लागली होती. अपॉइंटमेंट, विमा आणि परक्या भाषेत आपली व्यथा सांगणं, या सगळ्याचा इतका धसका, की डावीकडची खालची दाढ ठणकायला लागली तरी दोन आठवडे मी गोळ्यांवर ढकलले. गाल सुजला तेव्हा कुठे गेले. दाढेला उभी चीर पडली होती, थेट मुळापर्यंत. रूट कॅनॉल करून वाचण्यातली ती नव्हती. मी म्हटलं, काढून टाका, आजच काढा.

डेंटिस्टने पू काढून दिला, गोळ्या लिहून दिल्या आणि म्हणाली, "दाढ पुढच्या आठवड्यात काढू. त्याआधी तिथल्या हाडाचं काय करायचं ते ठरवू या."

दाढ काढायची तर हाडाचा काय संबंध, हे मला कळेना. तिने जबड्याचा स्कॅन केला आणि दोन चित्रं स्क्रीनवर शेजारी शेजारी लावली. एक डावीकडचं, ठणकणाऱ्या दाढेचं. दुसरं उजवीकडचं, जिथली दाढ मी इथे येण्याआधी, सहा वर्षांपूर्वी काढून टाकली होती. डावीकडे हाडाची रुंदी अकरा मिलिमीटर. उजवीकडे तोच भाग वर निमुळता होत सुरीच्या धारेसारखा झालेला, जेमतेम पाच. गालाकडची बाजू तर पार खचलेली. मागची दाढ रिकाम्या जागेत कललेली, आणि वरची, खालून आधारच न उरल्याने, खाली उतरू लागलेली. सहा वर्षं मी रोज आरशासमोर दात घासत होते आणि यातलं काही मला दिसलं नव्हतं.

त्या वेळी दाढ काढली, टाका पडला, तीन दिवस गोळ्या घेतल्या आणि विषय संपला, असंच मी धरून चालले होते. पुढे काय, असं मला कुणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. आपल्या भाषेत डॉक्टर बोलत असले की आपण मान डोलवत जातो, कळल्यासारखं वाटत राहतं. इथे मला प्रत्येक शब्द थांबवून विचारावा लागला. तिने कागदावर दात काढला, खाली त्याची खोबण काढली आणि पेन्सिलीने एकेक भाग दाखवत गेली. सहा वर्षांपूर्वी मी असं थांबवून विचारलं असतं तर, हे मनातून जात नाही.

तर तिने समजावलेलं मला कळलं ते असं. दात हाडात खिळ्यासारखा ठोकलेला नसतो. मुळाभोवती बारीक धाग्यांचं एक आवरण असतं आणि दात त्या धाग्यांनी खोबणीत बांधलेला असतो. आपण चावतो तेव्हा हे धागे हाडाला ओढ देतात. त्या ओढीवरच ते हाड टिकून असतं. खोबणीच्या आतला हाडाचा पातळ थर तर सर्वस्वी दाताचाच सोबती. त्याला रक्तही त्या धाग्यांमधून मिळतं. दात निघाला की धागे जातात आणि तो थर विरघळू लागतो. पुढच्या दातांची ओठाकडची भिंत बऱ्याचदा एक मिलिमीटरहूनही पातळ असते. तिथे तो थर गेला की भिंतच जाते. म्हणून दात काढल्यावर खळगा पडतो तो बाहेरच्या बाजूने.

आणि हे सगळं फार भराभर होतं. दाढा आणि उपदाढा काढलेल्या लोकांची मापं घेऊन 2003 साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात वर्षभरात तिथली रुंदी साधारण निम्म्यावर आली होती, आणि त्यातली दोन तृतीयांश घट पहिल्या तीन महिन्यांतली होती. वेगवेगळे अभ्यास एकत्र करून काढलेला अंदाजही फार वेगळा नाही: सहा महिन्यांत रुंदी 29 ते 63 टक्के कमी होते, उंची 11 ते 22 टक्के. म्हणजे "आधी दाढ काढू, पुढचं सावकाश बघू" असं म्हणतो तो सावकाशीचा काळच हाड सर्वांत जास्त झिजण्याचा असतो.

हे ऐकताना माझ्या डोळ्यांपुढे आई होती. तिची खालची कवळी कधीच नीट बसत नाही. बोलता बोलता ती जिभेने कवळी दाबून धरते. आम्हा भावंडांना त्याची इतकी सवय झाली, की त्यात काही त्रास असेल हे आमच्या ध्यानातच आलं नाही. त्या रात्री फोनवर मी तिला स्कॅनबद्दल सांगितलं तर म्हणाली, "माझ्या तर हिरड्याच आटल्यात गं. तीनदा कवळी बदलली."

"हिरड्या नाहीत गं आई, आतलं हाड आटलंय."

कवळी हाडाला धाग्यांसारखी ओढ देत नाही, नुसती वरून दाबते. त्यामुळे कवळी बसवली तरी हाड झिजायचं थांबत नाही. संपूर्ण कवळी वापरणाऱ्यांचा पंचवीस वर्षांचा मागोवा घेणारा 1972 सालचा एक गाजलेला अभ्यास आहे. त्यात खालच्या जबड्याच्या उंचीतली घट वरच्या जबड्यातल्या घटीच्या साधारण चौपट होती. आईची वरची कवळी घट्ट बसते आणि खालची तरंगते, त्याचं कारण मला इतक्या वर्षांनी कळलं. दोष ना कवळी करणाऱ्याचा, ना आईचा. ज्या हाडावर कवळी टेकायची तेच उरलेलं नाही.

माझ्या डाव्या दाढेचं मग असं झालं. हाड टिकावं म्हणून दाढ काढतानाच खोबण भरायची ठरली. भूल दिल्यावर डेंटिस्टने दाढ ओढलीच नाही. आधी पातळ पात्याच्या हत्याराने भोवतीचे धागे सोडवले. मग दाढ मधोमध कापून दोन मुळं वेगळी केली आणि एकेक अलगद उचललं. गालाकडच्या भिंतीवर जोर द्यायचा नाही, यासाठी एवढा खटाटोप. ती भिंत तुटली तर पुढचं सगळं अवघड होतं. नंतर खोबण खरवडून आतला संसर्ग झालेला भाग काढला, धुतली. छोट्या स्टीलच्या वाटीत पांढरे बारीक कण होते. माझंच रक्त मिसळल्यावर त्यांची ओल्या लाल वाळूसारखी लगदी झाली. ती तिने थोडी थोडी करून खोबणीत बसवली, अगदी हलक्या हाताने, कारण ठासून भरलं तर आत नव्या रक्तवाहिन्यांना शिरायला जागा राहत नाही. वर कोलॅजन नावाच्या प्रथिनाचा पातळ पडदा आणि आडवेतिडवे टाके.

ते कण म्हणजे नवं हाड नव्हे. इमारतीला परांची बांधतात तसा तो आधार. त्याच्या आसऱ्याने आपलं हाड आत वाढत येतं. पडदा लागतो कारण हिरडी हाडापेक्षा लवकर वाढते. मोकळं सोडलं तर हाडाची जागा तीच बळकावते.

हे कण कशाचे असतात ते जरूर विचारा. गायीच्या हाडावर प्रक्रिया करून केलेले असतात, मानवी दात्याच्या हाडाचे असतात, पूर्णपणे कृत्रिमही मिळतात. पडदाही बहुतेक वेळा प्राण्यांपासूनच येतो, बऱ्याचदा डुकरापासून. मला संमतिपत्रात हा प्रश्न स्पष्ट विचारला होता. कणांसाठी मी कृत्रिम निवडले, पडद्याला हरकत घेतली नाही. तुम्हाला काय चालेल ते तुम्ही ठरवा, पण खुर्चीत बसण्याआधी ठरवा.

एवढं करूनही झीज पूर्ण थांबत नाही, कमी होते, हे डेंटिस्टने मला दोनदा सांगितलं. तिने ते लपवलं नाही म्हणून माझा तिच्यावर जास्त विश्वास बसला. प्रत्येक दाताला याची गरजही नसते. अक्कलदाढ काढली तर सहसा कुणी हे करत नाही. भिंती जाड आणि शाबूत असतील तर इम्प्लांट, म्हणजे नव्या दातासाठी हाडात बसवायचं कृत्रिम मूळ, लगेच किंवा थोड्या आठवड्यांत बसवता येतं. माझ्यासारख्या ठिकाणी चारेक महिने थांबून बसवतात. इम्प्लांट हाडातच रुजत असल्याने चावण्याचा भार पुन्हा हाडावर येतो. ब्रिजमध्ये, म्हणजे शेजारच्या दातांच्या आधाराने बसवलेल्या कृत्रिम दातात, वरची पोकळी झाकली जाते, खालच्या हाडाला काम मिळत नाही. उजवीकडे मला आता इम्प्लांट हवं असेल तर आधी हाड वाढवायची वेगळी शस्त्रक्रिया लागेल, जास्त मोठी आणि जास्त महिन्यांची.

दाढ काढल्यावरचे पहिले चोवीस तास मात्र आपल्याच हातात असतात. खोबणीत जी रक्ताची गुठळी बसते तिच्यावर सगळं बरं होणं अवलंबून. म्हणून जोरात चूळ भरायची नाही, थुंकायचं नाही, स्ट्रॉने ओढून प्यायचं नाही. गुठळी निसटली तर तिसऱ्या दिवसाच्या सुमारास अशी कळ उठते की कानापर्यंत जाते. सिगारेट ओढणाऱ्यांना हा धोका जास्त, आणि हाडही उशिरा भरतं. मधुमेह असेल तर साखर आटोक्यात हवी. हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून काही गोळ्या किंवा इंजेक्शनं चालू असतील तर ते दात काढण्याआधी सांगायलाच हवं. काही औषधांमुळे जबड्याचं हाड भरून येत नाही. मनाने ती औषधं बंदही करू नका. चौथ्या दिवशी दोनचार पांढरे कण माझ्या जिभेवर आले तेव्हा मी घाबरून फोन केला. वरचे थोडे सुटतात, काळजी नको, असं उत्तर मिळालं आणि तसंच होतं.

हे उपचार इकडचेच आहेत असं समजू नका. आपल्याकडेही ते होतात. फक्त दात निघण्याआधी विषय काढावा लागतो.

आईसाठी आता खालच्या जबड्यात दोन इम्प्लांट बसवून त्यांच्यावर कवळी अडकवता येते का ते विचारायचं ठरलंय. तिथल्या मधल्या भागात हाड बऱ्याचदा त्यातल्या त्यात टिकलेलं असतं. ती आधी "आता या वयात कशाला" म्हणाली. मग थोडं थांबून तिने विचारलं, "फोनवर बोलताना दाबून धरावी नाही ना लागणार?"

आणि दादाची वरची उपदाढ गेल्या सोमवारी काढायची होती. रविवारी रात्री मी त्याला लिहिलं, "दादा, काढण्याआधी एवढंच विचार, दात निघाल्यावर तिथल्या हाडाचं काय?" त्याने विचारलं. त्याच्या डेंटिस्टने दात काढायची तारीख आठवडाभर पुढे ढकलली आणि आधी स्कॅन करून यायला सांगितलं.