कानात ‘मुटर’, खिडकीत मेक्लेनबुर्ग

आपल्याकडून बर्लिनला जाणारे लोक भिंत बघतात, ब्रांडेनबुर्ग गेटपाशी फोटो काढतात आणि दुसऱ्या दिवशी प्राग गाठतात. 2025 च्या मे महिन्यात ऑफिसच्या कामासाठी बर्लिनला होतो, तेव्हा सुट्टीच्या दिवशी मी पोट्सडाम आणि श्वेरीन निवडलं. बरोबरच्या सहकाऱ्याने विचारलं, तिथे काय आहे? राम्श्टाइन या जर्मन मेटल बँडच्या एका अल्बमसाठी चाललोय म्हटल्यावर त्याने विषय बदलला.

तो अल्बम म्हणजे ‘मुटर’, अर्थात ‘आई’. प्रकाशन 2 एप्रिल 2001. पुण्यात आम्ही तो ऐकला तो कुणीतरी कॉपी करून दिलेल्या सीडीवर. कव्हर नाही, गाण्यांची नावं अर्धवट. जर्मनचा गंध नव्हता, त्यामुळे आमच्या लेखी तो सगळा आगीचा आणि आरडाओरड्याचा मामला होता. पुढे भाषा शिकलो आणि लक्षात आलं की यातली निम्मी गाणी पोरांच्या गोष्टी आहेत. झोपताना सांगायच्या, फक्त दिवा घालवल्यानंतरच्या.

पहिल्याच गाण्यापासून बघा. ‘माइन हेर्त्स ब्रेन्ट’ सुरू होतं ते व्हायोलिनांवर. मग गायक टिल लिंडेमान अगदी खालच्या पट्टीत, जवळजवळ कानाशी येऊन, बाळांनो लक्ष द्या, असं काहीसं म्हणतो आणि पुढच्या क्षणाला गिटारी कोसळतात. हे आमंत्रण जर्मन माणसाला ओळखीचं आहे. पूर्व जर्मनीत 22 नोव्हेंबर 1959 पासून टीव्हीवर रोज संध्याकाळी ‘झान्टमेन्शेन’ यायचा: पांढरी दाढी, टोकदार टोपी घातलेला वीतभर बाहुला. मुलांना गोष्ट दाखवायची, डोळ्यांत झोपेची वाळू टाकायची आणि निघून जायचं. आजही तो चालू आहे. पश्चिम जर्मनीचा स्वतःचा वेगळा झान्टमेन्शेन होता, पण एकीकरणानंतर टिकला तो पूर्वेकडचा. 1978 मध्ये झिगमुंड येन हा पहिला जर्मन अंतराळवीर सोव्हिएत यानातून वर गेला, तेव्हा हा बाहुलाही सोबत होता!

बर्लिनमधल्या एका दुकानात मी तो हातात घेऊन पाहिला. फेल्टचा कोट, चेहऱ्यावर निर्मळ भाव. राम्श्टाइनचे सहाही जण पूर्व जर्मनीत वाढलेले, 1994 साली एकत्र आलेले. त्यांनी या आजोबाला उचललं आणि त्याच्या जागी पलंगाखालून येणारं काहीतरी बसवलं.

गाण्यातली ती व्हायोलिनं बाबेल्सबर्गच्या फिल्म ऑर्केस्ट्राची. म्हणून आधी एस-बान या लोकल गाडीने पोट्सडामकडे गेलो. तिथलं बाबेल्सबर्ग म्हणजे जर्मनांची चित्रनगरी. फ्रिट्स लांगचा ‘मेट्रोपोलिस’ इथला, आणि युद्धानंतर डेफा या सरकारी कंपनीने परीकथांचे सिनेमे काढले तेही इथूनच. 1961 चा हिमगौरीचा सिनेमा त्यांचाच. आता अल्बममधल्या ‘झोने’ (सूर्य) या गाण्याचा व्हिडिओ आठवा. तीच हिमगौरी, पण धिप्पाड, आणि बँडवाले काळवंडलेले खाणकामगार बुटके. मूळ चाल बॉक्सर विताली क्लिच्कोच्या रिंगणातल्या प्रवेशासाठी बांधायला घेतली होती. पंचाने मोजावेत तसे आकडे गाण्यात अजून आहेत. त्यांनी त्यातून परीकथा काढली. स्टुडिओच्या आसपास तसं बघण्यासारखं फार काही नाही. पर्यटकांसाठी केलेला पार्क आहे, तो मी टाळला.

खरी मजा श्वेरीनच्या रेल्वेप्रवासात आली. आरई 8 ही साधी, ठिकठिकाणी थांबणारी गाडी. डॉइचलांडटिकेट हा देशभरच्या लोकल गाड्यांचा महिन्याचा पास (2025 मध्ये 58 युरो) तिच्यात चालतो, त्यामुळे वेगळा खर्च शून्य. डब्यात माणसांपेक्षा सायकली जास्त. नाउएन सुटलं की जमीन सपाट होते आणि मेमध्ये दोन्ही बाजूंना रेपसीडची पिवळीधम्मक शेतं लागतात, आपल्या मोहरीच्या नात्यातली. अल्बम जेमतेम पाऊण तासाचा, त्यामुळे तो वाटेत दोनदा होतो.

विटेनबर्गेला गाडी थांबली. गिटारवाला रिचर्ड क्रूस्पे इथे जन्मला. शिलाई मशीनच्या कारखान्याचा घड्याळाचा उंच मनोरा दूरवर दिसला. आधी सिंगर, मग पूर्व जर्मनीत ‘वेरिटास’, आणि एकीकरणानंतर टाळं. तेव्हा कानात नेमकं ‘श्पीलउर’ (संगीतपेटी) हे गाणं होतं. त्यात मेलंय असं समजून एका लहानग्याला संगीतपेटीसकट पुरतात. मग जमिनीखालून सूर ऐकू येतात आणि लोक त्याला उकरून वाचवतात. ध्रुवपद एक पोर गातं. माझ्या मते अल्बममधली सर्वात भीतीदायक जागा तीच, आणि तिथे गिटार मागे असते.

श्वेरीन हे मेक्लेनबुर्गमधलं तळ्यांचं गाव. मुख्य राजवाडा बेटावर आहे, आत राज्याची विधानसभा भरते, आणि 2024 पासून तो परिसर युनेस्कोच्या यादीत आहे. बेसवाला ऑलिवर रीडल इथलाच. लिंडेमान इथे आणि जवळच्या वेन्डिश-राम्बो खेड्यात वाढला. ऐंशीच्या दशकात इथल्या पंक बँडमध्ये ड्रम वाजवायचा. त्याचे वडील वेर्नर लिंडेमान हे मुलांसाठी लिहिणारे कवी. हे कळल्यावर माझ्यासाठी अल्बमचं कोडं सुटलं. त्या यमकांचा घाट, छोट्या ओळी, पुन्हा पुन्हा येणारं पालुपद, हे सगळं बालगीतांचंच वळण आहे. आईविना जन्मलेलं मूल बोलतं ते शीर्षकगीतही तसंच: हळू, एकेका तारेवर सुरू होतं आणि ध्रुवपदाला फुटतं. खेड्यात मात्र गेलो नाही. कुणाच्या जुन्या घरापुढे उभं राहून फोटो काढण्यात मला रस नाही.

तळ्याकाठी बसून तिसऱ्यांदा ऐकला, तेव्हा खोटही जाणवली. ‘लिंक्स 2-3-4’ (लिंक्स म्हणजे डावीकडे) हे बँड राजकीयदृष्ट्या उजवा असल्याच्या आरोपाला दिलेलं चोख उत्तर आहे, ‘फॉयर फ्राय!’ला तोड नाही. पण ‘राइन राउस’ आणि ‘आदिओस’ भरतीची गाणी आहेत. निर्माता याकोब हेलनरने रेकॉर्डिंग दक्षिण फ्रान्समधल्या मिरावाल स्टुडिओत केलं (पिंक फ्लॉइडच्या ‘द वॉल’चा काही भाग झाला तोच). आवाज इतका भरीव लागलाय की कच्ची गाणीही खपून जातात. शेवटच्या ‘नेबेल’ने मग सावरलं जातं.

भूक लागली म्हणून टपरीवर हेरिंग घातलेला पाव घेतला. माझ्या टी-शर्टकडे बघून टपरीवाले काका म्हणाले, भारतातून? यांच्यासाठी? मी मान डोलावली. “माझी बायको ऐकते,” ते म्हणाले, “मी तेव्हा बाहेर जातो.” आणि पावात कांदा जरा जास्तच घातला.