चोवीस फ्रेंच शिपाई आणि पांढऱ्या पट्ट्या

१८१२ च्या गणवेशातली फ्रेंच पायदळाची एक बटालियन, रंगवायच्या छोट्या पुतळ्यांची, २८ मिलिमीटर, एकूण २४ शिपाई. मागच्या नोंदीत सगळ्यांचे निळे कोट झाल्याचं कळवलं होतं. त्यानंतर तीन महिने या शिपायांना ब्रश लावला नाही. आज पुन्हा लिहायला बसले, कारण आठ शिपाई पूर्ण झालेत. अगदी बेस (पायाखालची चकती) आणि वार्निशसकट पूर्ण.

मधल्या काळात काय काय करून पाहिलं ते थोडक्यात सांगते. एक घोडेस्वार सेनापती रंगवला. तो छान झाला, पण त्याच्या शेजारी ते चोवीस निळे कोट आणखीच अर्धवट दिसायला लागले. नवा सेट आणला, तो अजून डब्यातच आहे. रोज तासभर बसायचंच असं ठरवलं, ते चार दिवस टिकलं. यातल्या कशाचाच उपयोग झाला नाही, कारण मुळात आपण कुठे अडलोय हेच मी पाहिलं नव्हतं.

एका संध्याकाळी रंग न उघडता नुसता एक शिपाई हातात घेऊन बसले आणि अजून काय काय बाकी आहे ते मोजलं. काडतुसांच्या पेटीचा छातीवरून तिरका जाणारा पट्टा, पाठपिशवीचे खांद्यावरचे दोन बंद, वर गुंडाळलेल्या ओव्हरकोटाला आवळणाऱ्या तीन पट्ट्या आणि बंदुकीचा पट्टा. एका माणसावर सात पांढऱ्या पट्ट्या. अधिकारी, ढोलवाला आणि निशाणवाला बाजूला काढले तरी २१ शिपाई उरतात, म्हणजे १४७ पट्ट्या. शिवाय ग्रेनेडियरांना (निवडक, धिप्पाड शिपायांना) तलवारीचा आणखी एक पट्टा असतोच. मला रंगकामाचा कंटाळा आलाच नव्हता. त्या १४७ पट्ट्या एका दमात ओढायच्या आहेत, हे मनाने कधीच हेरलं होतं आणि ते टेबलाकडे जाऊच देत नव्हतं.

तुमच्यातही कुणाचं काम असं थांबलं असेल तर आधी ही एक गोष्ट करून बघा. शेवटचा रंग कोणता लावला आणि त्यापुढचा कोणता लावायचा होता, ते आठवा. बहुतेक वेळा गाडी तिथेच रुतलेली असते.

वाट इतिहासातच सापडली. १८०८ पासून फ्रेंच बटालियनमध्ये सहा कंपन्या असत: एक ग्रेनेडियर, एक व्होल्टिजर (चपळ, हलके शिपाई) आणि चार फ्युसिलियर (साधे शिपाई). माझे २४ शिपाई म्हणजे कंपनीला बरोबर चार. फ्युसिलियरांच्या शाकोवर (उंच लष्करी टोपीवर) कंपनीच्या रंगाचा गोंडा असे. पहिलीचा हिरवा, दुसरीचा आकाशी, तिसरीचा नारिंगी, चौथीचा जांभळा. मग ठरवलं की एका वेळी फक्त चार शिपाई घ्यायचे, बाकीचे झाकण लावून नजरेआड ठेवायचे आणि गोंडा अगदी शेवटी रंगवायचा. गोंड्याला रंग लागला की ती कंपनी तयार, मग तिला परत हात लावायचा नाही.

आता खुद्द पट्ट्यांविषयी, कारण खरी मेहनत तिथेच आहे. कोट रंगवताना निळा रंग पट्ट्यांवरही चढला होता. त्यावर थेट पांढरा लावला की दोन-तीन हात द्यावे लागतात, आणि जाड झाला की खडूसारखा भुरभुरीत दिसतो. म्हणून आधी पूर्ण पट्ट्यावर काळपट तपकिरी ओढते. तो वाळला की त्याच्या आत फिकट राखाडी, दोन्ही कडांना केसाएवढी काळसर रेघ सोडून. सगळ्यात शेवटी किंचित पिवळसर पांढरा, तोही फक्त जिथे पट्टा खांद्यावरून वळतो आणि छातीवर फुगतो तिथे. या तिसऱ्या हाताला जेमतेम दहा सेकंद लागतात, पण त्यानेच पट्टा कोटापासून सुटा दिसायला लागतो. राखाडी रेषेबाहेर गेला तर लगेच पुसायला जाऊ नका. वाळू द्या आणि मग कडेने काळपट तपकिरी किंवा निळा फिरवा. ओल्या रंगाशी झटापट करण्यात मी एक अख्खा कोट खराब केला आहे.

ब्रशही बदलला. इतके दिवस पट्ट्यांसाठी तीन शून्यांचा, म्हणजे अगदी बारीक ब्रश वापरत होते. त्याच्या पोटात रंग मावतच नाही, टोकावरच वाळतो आणि रेघ मध्येच तुटते. आता चांगल्या टोकाचा एक नंबरचा वापरते. बारीक रेघेसाठी टोक टोकदार हवं, ब्रश लहान असायची गरज नाही. बरोबर वेट पॅलेट आहे: डब्यात ओला स्पंज आणि त्यावर बेकिंगचा कागद. मेणकागद चालत नाही, त्यातून पाणी वर येत नाही. झाकण लावून ठेवलं की तोच राखाडी दुसऱ्या दिवशीही वापरता येतो, त्यामुळे वीस मिनिटं मिळाली तरी बसता येतं. पूर्वी पुन्हा तीच छटा जुळवण्यातच वीस मिनिटं जायची.

पाठपिशव्या केसाळ कातड्याच्या, त्यांना फिकट बदामीवर तपकिरी कॉन्ट्रास्ट रंगाचा एक हात पुरतो. तो पारदर्शक असतो, काळ्या प्राइमरवर (रंगाआधीच्या पहिल्या थरावर) थेट लावला तर दिसणारसुद्धा नाही.

पहिल्या कंपनीला नऊ दिवस लागले, दुसरीला सहा. हिरव्या गोंड्यांचे चार आणि आकाशी गोंड्यांचे चार आता कपाटात समोरच उभे आहेत आणि येता-जाता मी थांबून त्यांच्याकडे पाहते. हातभर अंतरावरून त्या काळ्या रेघा वेगळ्या दिसत नाहीत, नुसते पट्टे स्वच्छ दिसतात. चेहऱ्यांवर अजून समाधान नाही. डोळ्यांच्या खोबणीत वॉश (सावलीसाठीचा पातळ गडद रंग) जास्त साचलाय, पण त्या आठ जणांना आता परत उघडणार नाही. पुढच्या चारांना वॉश लावल्यावर कोरड्या ब्रशने जादाचा टिपून घेईन.

काल तिसऱ्या कंपनीच्या पट्ट्या संपल्या. हिच्या गोंड्याच्या रंगाला फ्रेंच लोक ऑरोर म्हणत, म्हणजे पहाट. तांबूस झाक असलेला नारिंगी. नारिंगी रंग गडद थरावर नीट झाकत नाही, म्हणून चारही गोंड्यांना आधी फिकट गुलाबीचा हात दिलाय. तो वाळतोय.