ब्यूकॅसलची दक्षिण बाजू

इंग्लंडमधल्या ब्यूकॅसलला आलेली मंडळी तिथल्या जुन्या दगडी क्रूसाच्या पश्चिम अंगासमोरच रेंगाळतात. साहजिक आहे, तिकडे कोरलेला येशू आहे, योहान आहे आणि रून या प्राचीन युरोपीय लिपीतल्या झिजलेल्या मजकुरावरून विद्वानांची जुनी भांडणं आहेत. मी मात्र वळसा घालून दक्षिणेला जाते. तिथे वेली आणि गाठींचे चौकोन एकावर एक रचलेत.

कंब्रिया परगण्यात, रोमनांनी बांधलेल्या हेड्रियनच्या भिंतीच्या उत्तरेला, रोमन किल्ल्याच्या जागेत इथलं चर्च आहे. आवारातला साधारण ४.४ मीटरचा हा वालुकाश्माचा खांब आठव्या शतकाच्या आगेमागे उभारला गेला. क्रूसाचं वरचं डोकं केव्हाच गेलंय.

या गाठींची उकल जे. रोमिली ॲलन नावाच्या इंजिनिअरने १९०३च्या सुमारास मांडली. आधी साधी वेणी घ्यायची. मग एखाद्या ठिकाणी एकमेकांवरून जाणारे दोन पदर तोडायचे आणि ती टोकं शेजारच्या टोकांना जोडायची. पदर तिथून मागे वळतात आणि गाठ तयार होते. गंमत म्हणजे ‘एकदा वरून, एकदा खालून’ हा क्रम कुठेही बिघडत नाही. ठिपक्यांची रांगोळी काढणारीला हे पटकन कळेल.

‘हा अखंड धागा म्हणजे अनंतकाळ’ असं माहितीपत्रकं सर्रास सांगतात. असेलही बुवा. पण धागा दरवेळी एकच असतो कुठे? न तोडलेल्या चौकटबंद वेणीत ३ बाय ४ घरं घेतली तर एकच धागा सगळीकडे फिरतो. ४ बाय ६ घेतली तर दोन वेगळे. दोन्ही आकड्यांचा मसावि काढायचा, तितके धागे. चौकोनी कागदावर काढून बघा. कारागिराला मसावि ठाऊक नसेल, पण कुठल्या मापात काय होतं हे त्याच्या हाताला नक्की माहीत होतं. आणि त्याला खोडरबर नव्हता! खाली जाणारा पदर एकदा छिन्नीने खोल केला की तो वर आणता येत नाही.

जायचंच तर ऊन तिरपं असताना जा. भर दुपारच्या फोटोंत या गाठी नुसत्या खरबरीत दिसतात. हे क्रूस राखाडी, गंभीर वगैरे वाटतात तेही आपल्यालाच. त्या काळच्या कित्येक दगडांवर रंगाचे अंश सापडलेत, त्यात लाल बराच. पदर रंगवलेले असतील तर या गाठी लांबूनही मोजता येत असतील.